वेळ कोणत्या घड्याळाने मोजायची आणि प्रोग्रॅम कसा थांबवायचा : नोडमध्ये स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी

लॉगमध्ये ‘एकूण वेळ : -१९७९७ सेकंद’ अशी ओळ दिसली तर क्वेरी तपासत बसू नका. १९८०० हा आकडा आधी ओळखा. साडेपाच तासांचे तेवढे सेकंद होतात, आणि साडेपाच तास हे भारतीय प्रमाणवेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांच्यातलं अंतर. काम तीन सेकंदांत व्यवस्थित झालेलं आहे. ते चालू असताना कॉम्प्युटरचं घड्याळ साडेपाच तास मागे आलं, एवढंच.

सोलापुरात असं व्हायला काही विशेष लागत नाही. मार्केट यार्डातलं एखादं आडत दुकान घ्या. दिवाणजी दिवसा त्याच पीसीवर विंडोजमध्ये टॅली चालवतात. संध्याकाळी लिलावाचे आकडे भरून झाले की पीसी लिनक्समध्ये सुरू होतो आणि रात्री शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, काढणारी नोडची स्क्रिप्ट चालते (नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम). विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात इथली वेळ लिहून ठेवतं, लिनक्स तीच वेळ यूटीसी समजून वाचतं. त्यामुळे रात्री दहा वाजता उठलेल्या लिनक्सला पहाटेचे साडेतीन वाजलेले दिसतात. मग राउटर जागा होतो, एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या सोयीने) खरी वेळ येते आणि घड्याळ मागे ओढलं जातं. त्या क्षणी जी स्क्रिप्ट चालू असेल तिची वेळ उणे निघते. वेळेपेक्षाही वाईट म्हणजे त्याआधी निघालेल्या पट्ट्यांवर उद्याची तारीख पडते.

यातला तारखेचा प्रश्न यंत्रणेच्या पातळीवरच सोडवावा. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ची नोंद १ करा, म्हणजे तेही मदरबोर्डवर यूटीसीच लिहील. लिनक्समध्ये ‘सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक’ ही सर्व्हिस चालू करा आणि तुमच्या स्क्रिप्टच्या युनिट फाइलमध्ये ‘आफ्टर=टाइम-सिंक.टार्गेट’ लिहा. वेळ जुळेपर्यंत स्क्रिप्ट सुरूच होणार नाही. किती वेळ लागला हे मोजण्याचा प्रश्न मात्र कोडमध्ये सोडवावा लागतो, आणि या लेखाचा पहिला भाग त्याबद्दल आहे.

दुसरा भाग प्रोग्रॅम नीट बंद होण्याबद्दल आहे. हे दोन विषय एकत्र घेण्याचं कारण पुढे स्पष्ट होईलच, पण थोडक्यात सांगतो : एका पट्टीला जास्तीत जास्त किती वेळ लागतो हे तुम्हाला मोजून माहीत नसेल, तर बंद होताना किती थांबायचं हे ठरवता येत नाही.

उदाहरण पट्टीचंच घेऊ. गाडी नंबर, पिशव्या, वजन, लिलावात निघालेला दर, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढते, कर्नाटकातूनही गाड्या येतात, तेव्हा ही स्क्रिप्ट खरी ताणली जाते. कोडच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. एडिटरमध्ये भाषेचे शब्द, फंक्शनची नावं आणि अंक इंग्रजीत टाइप करा. व्हेरिएबलची नावं मराठीतच ठेवलीत तरी जावास्क्रिप्टला चालतात.

घड्याळं दोन आहेत

‘डेट.नाउ()’ १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेपाचपासून, किती मिलिसेकंद झाले ते सांगतं. हे भिंतीवरचं घड्याळ. पट्टीवरची तारीख आणि लॉगमधली वेळ यांच्यासाठी तेच वापरायचं. पण हे घड्याळ कुणीही हलवू शकतं. एनटीपी हलवतं, हाताने वेळ बदलणारा माणूस हलवतो, मदरबोर्डवरचा सेल संपला की वीज गेल्यावर ते जुन्या तारखेला जातं.

शिवाय ते स्वतःहूनही सरकतं. कॉम्प्युटरच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि त्याची कंपनसंख्या तापमानानुसार थोडी बदलते. दहा लाखांत वीस भाग इतकी चूक साध्या स्फटिकात सहज असते. तेवढ्यानेही दिवसाला सुमारे १.७ सेकंदांचा फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. बंद खोलीत, पत्र्याखाली ठेवलेल्या पीसीच्या पेटीत काय तापमान होत असेल ते वेगळं सांगायला नको. एनटीपी ही सरक सतत दुरुस्त करत असतं. उदाहरणार्थ ‘एनटीपीडी’ हा जुना प्रोग्रॅम १२८ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक हळूहळू, घड्याळाचा वेग जरासा कमीजास्त करून भरून काढतो. फरक त्याहून मोठा असला तर घड्याळ थेट उडी मारतं. ही दुरुस्ती योग्यच आहे. पण तुम्ही त्याच घड्याळाने काम मोजत असाल, तर दुरुस्ती तुमच्या मोजणीत मिसळते.

दुसरं घड्याळ फक्त पुढे जातं. त्याला मोनोटॉनिक घड्याळ म्हणतात. लिनक्सवर ते साधारणपणे मशीन चालू झाल्यापासून मोजतं. कुणी तारीख बदलली तरी ते उडी मारत नाही. त्याच्या आकड्याला एकट्याने काहीच अर्थ नसतो, दोन आकड्यांमधल्या फरकालाच असतो. म्हणून तो आकडा डेटाबेसमध्ये साठवून दुसऱ्या मशीनवरच्या आकड्यातून वजा करणं निरर्थक आहे. मशीन बंद करून चालू केलं तरी जुना आकडा निकामी होतो.

भिंतीवरच्या घड्याळाने काम मोजण्याची चूक मोठ्या लोकांनाही महागात पडलेली आहे. २०१६ च्या अखेरीस यूटीसीमध्ये एक लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवणारा जादा सेकंद, घातला गेला. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, साडेपाचच्या ठोक्याला. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरवरच्या (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) गो भाषेतल्या कोडने भिंतीवरच्या घड्याळाच्या दोन वेळा वजा केल्या, उत्तर उणे आलं, आणि उणे आकडा जिथे चालत नाही अशा फंक्शनला तो मिळाल्यावर प्रोग्रॅम कोसळला. २०१७ मध्येच आलेल्या गोच्या १.९ आवृत्तीत वेळेच्या वजाबाकीसाठी मोनोटॉनिक घड्याळ आपोआप वापरलं जाऊ लागलं. लीप सेकंद २०३५ पर्यंत बंद करायचं २०२२ मध्ये ठरलं आहे. एनटीपीच्या उड्या मात्र राहणारच.

मोजणीची ओळ

नोडमध्ये मोनोटॉनिक घड्याळ वाचायचे तीन मार्ग आहेत. सगळ्यात जुना ‘प्रोसेस.एचआरटाइम()’. तो सेकंद आणि नॅनोसेकंद अशा दोन आकड्यांची ॲरे देतो. त्याच्या बाबतीत घडणारी नेहमीची चूक म्हणजे फक्त दुसरा आकडा वाचणं. १.२ सेकंदांचं काम मग ०.२ सेकंदांचं दिसतं आणि सगळे खूश होतात. नवीन कोडमध्ये तो वापरू नका. नोडच्या दस्तऐवजातही आता त्याला जुना मार्ग म्हटलं आहे.

दुसरा मार्ग नोड १०.७ पासून आहे :

कॉन्स्ट सुरुवात = प्रोसेस.एचआरटाइम.बिगइंट();
अवेट पट्टी_कर(शेतकरी);
कॉन्स्ट नॅनो = प्रोसेस.एचआरटाइम.बिगइंट() - सुरुवात;
कॉन्स्ट मिलि = नंबर(नॅनो / १०००एन) / १०००;

इथे नॅनोसेकंदांचा एकच मोठा पूर्णांक मिळतो. शेवटच्या ओळीत आधी बिगइंटमध्येच हजाराने भागून मायक्रोसेकंद केले, मग साध्या आकड्यात आणून मिलिसेकंद. बिगइंट आणि साधा आकडा एका गणितात मिसळला की ‘टाइपएरर’ येतो. ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’लाही बिगइंट चालत नाही, तिथेही ‘टाइपएरर’च येतो. म्हणून लॉगमध्ये पाठवण्याआधी रूपांतर करायची सवय लावा.

मुळात बिगइंट लागतो कशाला? जावास्क्रिप्टचा साधा आकडा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक बिनचूक धरतो. एवढे नॅनोसेकंद म्हणजे सुमारे १०४ दिवस. सलग चालणारा सर्व्हर साडेतीन महिन्यांनी ही हद्द ओलांडतो. त्यानंतर साध्या आकड्यात धरलेल्या नॅनोसेकंदांचे शेवटचे अंक पुसट व्हायला लागतात. अशी चूक चाचणीत कधीच सापडत नाही.

तिसरा मार्ग ‘परफॉर्मन्स.नाउ()’. तो दशांशासह मिलिसेकंद देतो आणि नोड १६ पासून काहीही आयात न करता मिळतो. पट्ट्यांसारख्या कामासाठी मी हाच वापरतो आणि तुम्हालाही तोच सुचवेन. मागचं घड्याळ तेच आहे, वाचायला सोपं आहे, आणि बिगइंटची कटकट नाही. अतिशय छोट्या कामांच्या हजारो मोजण्यांची बेरीज करायची असेल तरच बिगइंटकडे वळा.

मोजणी कुठे ठेवायची याला फार महत्त्व आहे. काम फसलं तरी वेळ नोंदली गेली पाहिजे, कारण जास्तीत जास्त वेळ बहुधा फसलेल्या कामांनीच खाल्लेला असतो :

कॉन्स्ट सुरू = परफॉर्मन्स.नाउ();
ट्राय {
  अवेट पट्टी_कर(शेतकरी);
} फायनली {
  नोंद(शेतकरी.क्रमांक, परफॉर्मन्स.नाउ() - सुरू);
}

यातलं ‘अवेट’ विसरलं तर प्रत्येक पट्टी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत झालेली दिसेल. तुम्ही काम सुरू करायला लागलेला वेळ मोजलात, पूर्ण व्हायला लागलेला नाही. आकडा संशयास्पदरीत्या छान दिसला की आधी हे तपासा. पट्ट्या ‘प्रॉमिस.ऑल’ने एकदम काढत असाल, तर एकेकीच्या वेळांची बेरीज एकूण वेळेपेक्षा जास्त येईल. ते बरोबर आहे, कारण त्या एकमेकींच्या जोडीने वाट पाहत असतात. म्हणून एकूण वेळ वेगळी मोजा, बेरजेतून काढू नका.

आकडे वाचायचे कसे

एकक नॅनोसेकंद असलं म्हणजे अचूकता नॅनोसेकंदाची झाली असं नाही. घड्याळ वाचायलाच काही वेळ लागतो, मधे ऑपरेटिंग सिस्टम दुसऱ्या प्रोग्रॅमला वेळ देते, नोड मेमरी साफ करायला थांबतो. मिलिसेकंदाच्या पुढे तीन दशांश लिहिले तरी खूप झाले. पहिल्या काही पट्ट्यांना नेहमी जास्त वेळ लागतो, कारण डेटाबेसचं कनेक्शन तेव्हा उघडतं आणि जावास्क्रिप्टचं इंजिन वारंवार चालणारा कोड नंतर वेगवान करतं. म्हणून सरासरीवर विसंबू नका. सगळ्या वेळा क्रमाने लावा, मधली बघा, आणि सगळ्यात मोठी बघा. मधली वेळ रोजच्या कामाचा अंदाज देते. सगळ्यात मोठी जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

वेळ जास्त येतेय पण का, हे कळायला ‘प्रोसेस.सीपीयूयूसेज()’ उपयोगी पडतं. प्रोग्रॅमने प्रोसेसर प्रत्यक्ष किती मायक्रोसेकंद वापरला ते त्यात मिळतं. चार सेकंद गेले आणि प्रोसेसर ०.२ सेकंदच वापरला गेला, तर तुमचा कोड नुसता वाट बघत होता. डेटाबेसमध्ये इंडेक्स आहे का ते बघा, प्रिंटर सर्व्हर उत्तर देतोय का ते बघा. चारातले पावणेचार सेकंद प्रोसेसर चालला असेल, तर दोष तुमच्या लूपमध्ये किंवा पीडीएफ तयार करण्यात आहे. या एका फरकाने तपासाची दिशा ठरते, आणि तरीही फार थोडे लोक तो मोजतात.

लॅपटॉपवर चाचणी करणाऱ्यांसाठी एक सूचना. लिनक्सवर झाकण मिटून मशीन झोपलं तर तेवढा वेळ हे घड्याळ मोजत नाही. झोपेच्या आधी सुरू झालेलं काम उठल्यावर संपलं, तर वेळ कमी दिसेल.

पीएचपीत लिहिणाऱ्यांसाठी हीच सोय ‘एचआरटाइम(ट्रू)’ने होते, आवृत्ती ७.३ पासून. सवयीने वापरलं जाणारं ‘मायक्रोटाइम(ट्रू)’ भिंतीवरचंच घड्याळ आहे, त्यातले दशांश पाहून फसू नका. पायथनमध्ये ‘टाइम.पर्फ_काउंटर()’ वापरा, ‘टाइम.टाइम()’ नाही.

बाहेर पडणं

आता दुसरा भाग. ‘प्रोसेस.एक्झिट()’ हे फंक्शन नोडच्या जवळजवळ प्रत्येक स्क्रिप्टच्या तळाशी दिसतं, आणि बहुतेक ठिकाणी ते नको असतं. ते चालताच प्रोग्रॅम तिथल्या तिथे संपतो. अर्धवट लिहिली जात असलेली पीडीएफ, लॉगच्या स्ट्रीममध्ये अडकलेल्या ओळी, डेटाबेसकडे निघालेली क्वेरी, कशाचीही वाट पाहिली जात नाही. स्क्रीनवर छापलेलंसुद्धा नेहमी पोचतंच असं नाही. आउटपुट टर्मिनलवर, फाइलमध्ये की पाइपमध्ये जातंय, आणि मशीन विंडोज आहे की लिनक्स, यावर ते लगेच लिहिलं जातं की मागाहून, हे ठरतं. तुमच्या टेबलावर दिसणारी शेवटची ओळ दुकानातल्या लॉगमधून गायब होते ती यामुळे. एकूण वेळेची ओळ नेमकी शेवटचीच असते, म्हणून तीच सर्वांत आधी हरवते.

त्याऐवजी ‘प्रोसेस.एक्झिटकोड = १’ असं लिहा आणि फंक्शनमधून परत या. नोड बाकीचं काम संपवतो आणि तो कोड, म्हणजे काम कसं झालं हे सांगणारा आकडा, यंत्रणेला देऊन स्वतः बंद होतो.

यावर नेहमीची तक्रार अशी की मग प्रोग्रॅम बंदच होत नाही. ती तक्रार खरी आहे आणि उपयोगीही आहे. प्रोग्रॅम अडून राहिला म्हणजे तुम्ही काहीतरी उघडं ठेवलं आहे : डेटाबेसच्या कनेक्शनचा पूल, एखादा ‘सेटइंटरव्हल’, ऐकत बसलेला सर्व्हर. ‘प्रोसेस.गेटॲक्टिव्हरिसोर्सेसइन्फो()’ छापलं की कोण अडवतंय त्याची यादी मिळते. पूल असेल तर ‘पूल.एंड()’ करा, टायमर असेल तर रद्द करा. ‘प्रोसेस.एक्झिट()’ने ते झाकून टाकलं की गळती तशीच राहते, आणि पुढे हाच कोड सर्व्हरमध्ये गेला की कनेक्शन संपायला लागतात.

कोड किती द्यायचा? शून्य म्हणजे सगळं झालं, बाकी काहीही म्हणजे झालं नाही. पट्ट्या निघाल्यानंतर त्या शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवणारी दुसरी स्क्रिप्ट दोन अँपरसँडने जोडलेली असेल, तर ती पहिलीचा कोड शून्य असेल तरच चालते. म्हणून ‘कॅच’मध्ये चूक छापून कोड शून्यच ठेवणं घातक आहे. अपुऱ्या पट्ट्या पुढे पाठवल्या जातात. काही जण हुशारीने फसलेल्या पट्ट्यांची संख्याच कोड म्हणून देतात. तसं करू नका. लिनक्सवर कोडला आठच बिट मिळतात, त्यामुळे २५६ पट्ट्या फसल्या तर बाहेर शून्य जातो. संख्या लॉगमध्ये लिहा, कोड १ ठेवा.

इतर काही कोड ओळखता आले पाहिजेत. १३० म्हणजे कंट्रोल-सीने थांबवलं, १४३ म्हणजे सिगटर्म या थांबायला सांगणाऱ्या सिग्नलने, १३७ म्हणजे सिगकिल या जबरदस्तीने मारणाऱ्या सिग्नलने. १३७ दिसला आणि कुणी हाताने मारलेलं नसेल, तर मेमरी संपून कर्नलने प्रोग्रॅम मारला का ते बघा. नोडमधून १३ आला तर सर्वांत वरच्या पातळीवरचं एखादं ‘अवेट’ कधीच पूर्ण झालेलं नाही.

थांबायला सांगितल्यावर

मशीन बंद होताना, सर्व्हिस रीस्टार्ट करताना किंवा नवीन आवृत्ती टाकताना प्रोग्रॅमला सिगटर्म हा सिग्नल येतो. कंट्रोल-सीने सिगइंट येतो. तुम्ही काही केलं नाही तर दोन्हींनी प्रोग्रॅम लगेच मरतो. त्यावेळी एका शेतकऱ्याच्या पट्टीची रक्कम डेटाबेसमध्ये गेलेली असेल आणि पीडीएफ झालेली नसेल, तर सकाळी गाळ्यावर वाद होणार. ज्याचे पैसे अडकतात तो रात्रभर गाडीत बसून आलेला असतो, हे कोड लिहिताना डोळ्यांसमोर असावं.

लेट थांबायचंय = फॉल्स;
फंक्शन थांबा() {
  थांबायचंय = ट्रू;
  सेटटाइमआउट(() => प्रोसेस.एक्झिट(१), ८०००).अनरेफ();
}
प्रोसेस.वन्स('सिगटर्म', थांबा);
प्रोसेस.वन्स('सिगइंट', थांबा);

फॉर (कॉन्स्ट शेतकरी ऑफ यादी) {
  इफ (थांबायचंय) ब्रेक;
  अवेट पट्टी_कर(शेतकरी);
  झालेल्या++;
}
अवेट पूल.एंड();
प्रोसेस.एक्झिटकोड = झालेल्या === यादी.लेंग्थ ? ० : १;

हातातली पट्टी पूर्ण होते, पुढची सुरू होत नाही, पूल बंद होतो, आणि यादी अपुरी राहिली हे कोडवरून कळतं. सिग्नल पकडणाऱ्या फंक्शनने फक्त खूण करायची, काम करायचं नाही. ‘वन्स’ मुद्दाम वापरलं आहे. पहिल्या सिग्नलनंतर तो श्रोता, म्हणजे सिग्नल पकडणारं फंक्शन, निघून जातो, त्यामुळे कुणी घाईने दुसऱ्यांदा कंट्रोल-सी दाबलं तर प्रोग्रॅम ताबडतोब थांबतो.

आठ सेकंदांचा टायमर ही शेवटची हद्द. डेटाबेस उत्तरच देत नसेल तर प्रोग्रॅम कायमचा लटकू नये म्हणून तो ठेवला आहे. ‘प्रोसेस.एक्झिट()’ला योग्य जागा कुठली असेल तर ती ही. ‘अनरेफ’मुळे काम आधी संपलं तर हा टायमर प्रोग्रॅमला उगाच थांबवून ठेवत नाही.

पण आठच का? इथे मघाशी जपून ठेवलेली सगळ्यात मोठी वेळ लागते. थांबायला सांगणारा, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम चालवणारं साधन, अनंत काळ थांबत नाही. सिस्टमडी मुळात ९० सेकंद थांबतं, कुबरनेटीस ३०, ‘डॉकर स्टॉप’ १०, आणि पीएम२ सिगइंट पाठवून फक्त १.६ सेकंद. मग सिगकिल, जो पकडता येत नाही. तुमची सगळ्यात लांब पट्टी २.३ सेकंद घेत असेल आणि तुम्ही पीएम२ वापरत असाल, तर वरचा सगळा कोड बरोबर असूनही पट्टी मधेच तुटेल. तेव्हा पीएम२चा ‘किल_टाइमआउट’ वाढवा किंवा पट्टीचं काम लहान तुकड्यांत तोडा. क्रम असा असावा : सगळ्यात लांब कामाची मोजलेली वेळ सर्वांत कमी, त्याहून जास्त तुमचा स्वतःचा टायमर, आणि त्याहून जास्त बाहेरच्याची मुदत. वरचे आठ सेकंद डॉकरच्या दहाच्या आत बसावेत म्हणून घेतले आहेत. जानेवारीत आवक वाढली की वेळा पुन्हा मोजा, कारण ऑगस्टमध्ये घेतलेला आकडा तेव्हा लागू पडत नाही.

सिग्नल पकडणारं फंक्शन इव्हेंट लूप, म्हणजे नोडची कामं एकामागून एक उचलणारं चक्र, मोकळा असेल तेव्हाच चालतं. वर्षभराच्या नोंदींवर ‘अवेट’शिवाय लांब हिशोब करणारा लूप चालू असेल, तर सिगटर्म आलेला नोडला समजतच नाही. अशा लूपमध्ये दर काही हजार नोंदींनंतर ‘सेटइमिजिएट’ची वाट पाहून श्वास घ्यायला जागा द्या.

डॉकरमध्ये आणखी एक अडचण येते. कंटेनरमधल्या (डॉकर प्रोग्रॅम ज्या वेगळ्या कप्प्यात चालवतं त्यातल्या) पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसला सिगटर्मची नेहमीची वागणूक लागू होत नाही. श्रोता लावलेला नसेल तर तो सिग्नल सरळ दुर्लक्षिला जातो आणि दहा सेकंदांनी सिगकिल येतो. त्यामुळे श्रोता लावा आणि नोड थेट सुरू करा, ‘एनपीएम स्टार्ट’च्या मागून नको, नाहीतर पहिला क्रमांक नोडला मिळत नाही.

स्क्रिप्टऐवजी एचटीटीपी सर्व्हर असेल तर थांबताना आधी ‘सर्व्हर.क्लोज()’ करा. नव्या विनंत्या घेणं थांबतं आणि चालू असलेल्या पूर्ण होतात. नोड १९ पासून त्यात रिकामी पडलेली कनेक्शनही बंद केली जातात. नोड १८ वर असाल तर ‘क्लोजआयडलकनेक्शन्स()’ स्वतः बोलवा, नाहीतर ब्राउझरने धरून ठेवलेली कनेक्शन सर्व्हरला अडवून ठेवतात.

शेवटची ओळ नक्की लिहिली जावी म्हणून

‘प्रोसेस.ऑन('एक्झिट')’ला लावलेलं फंक्शन प्रोग्रॅम संपायच्या अगदी आधी चालतं, मग तो नीट संपो, ‘प्रोसेस.एक्झिट()’ने संपो किंवा न पकडलेल्या चुकीने. त्यात ‘अवेट’ चालत नाही. ताबडतोब पूर्ण होणारंच काम करता येतं. एकूण वेळ, झालेल्या पट्ट्यांची संख्या आणि बाहेर जाणारा कोड यांची एक ओळ तिथे ‘एफएस.राइटसिंक(२, ...)’ने लिहा. ‘कन्सोल.लॉग’पेक्षा हे भरवशाचं.

‘अनकॉटएक्सेप्शन’ (कुठेच न पकडलेली चूक) पकडून प्रोग्रॅम तसाच चालू ठेवण्याचा मोह टाळा. कुठलं व्हेरिएबल अर्धवट राहिलं आहे हे तुम्हाला माहीत नसतं, आणि इथे विषय पैशांचा आहे. चूक लिहा, बाहेर पडा, सिस्टमडीला पुन्हा सुरू करू द्या. न हाताळलेल्या प्रॉमिसमुळे नोड १५ पासून प्रोग्रॅम आपोआप पडतो, आणि ते योग्यच आहे.

सिगकिल आणि वीज, या दोघांपुढे वरचं काहीच चालत नाही. त्यासाठी कामाची रचनाच तशी हवी. एका पट्टीच्या सगळ्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जाऊ द्या, मधेच कनेक्शन तुटलं तर डेटाबेस त्या आपोआप मागे घेतो. लिलावाची तारीख, शेतकरी आणि गाडी मिळून एकच पट्टी होईल असं युनिक बंधन टेबलवर घाला. स्क्रिप्ट पुन्हा चालवली तरी मग दुसरी पट्टी निघणार नाही. पीडीएफ आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, ‘एफसिंक’ करा (म्हणजे ती खरंच डिस्कवर लिहिली जाते) आणि मग नाव बदला. त्यामुळे खऱ्या नावाची फाइल अर्धवट कधीच दिसत नाही. यूपीएस असेल तर त्याची यूएसबी केबल पीसीला जोडून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ बसवा. बॅटरी संपत आली की ते मशीन रीतसर बंद करतं, म्हणजेच तुमच्या स्क्रिप्टला सिगटर्म मिळतो. बहुतेक दुकानांत यूपीएस असतो आणि ती केबल खोक्यातच पडून राहते.

हे सगळं चालतंय का ते असं तपासा

चाचणीच्या मशीनवर एनटीपी बंद करा, मोठी यादी देऊन स्क्रिप्ट सुरू करा आणि दुसऱ्या टर्मिनलवरून तारीख एक तास मागे न्या. लॉगमधली एकूण वेळ योग्यच आली पाहिजे. मग एनटीपी पुन्हा चालू करा. पुढच्या खेपेला मधेच ‘किल -टर्म’ द्या, प्रोग्रॅम थांबल्यावर लगेच शेलचा कोड छापा. तो १ असला पाहिजे आणि लॉगमध्ये एकूण वेळेची ओळ असली पाहिजे. सिग्नल दिल्यापासून बंद होईपर्यंत किती वेळ गेला तेही बघा, तुमच्या सगळ्यात लांब पट्टीपेक्षा तो फार जास्त नसावा. त्यानंतर ‘किल -किल’ द्या. या वेळी ती ओळ येणार नाही. आता स्क्रिप्ट पहिल्यापासून पुन्हा चालवा, पट्ट्यांची संख्या गाड्यांच्या संख्येशी ताडून बघा आणि फोल्डरमध्ये उरलेल्या तात्पुरत्या नावाच्या फाइली काढून टाका.